बाबांसाठी टीव्ही, आणि १९६४ सालचे तीन प्रश्न

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज थोडा वेगळा विषय. टीव्ही खरेदी! हसू नका. गेल्या दिवाळीआधी मी घरासाठी टीव्ही निवडायला बसले आणि एम.एस्सी.ला शिकलेलं अर्धं ऑप्टिक्स आणि पीएच.डी.त शिकत असलेला सगळा तंत्रज्ञानाचा इतिहास त्यात वापरावा लागला. त्यातून 'संशोधनप्रश्न कसा मांडायचा' हे मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पेपरपेक्षा जास्त नीट कळलं. म्हणून हा लेख.

पार्श्वभूमी अशी. कित्येक महिने अडकलेली फेलोशिप एकदाची जमा झाली. गावाकडच्या घरातला ३२ इंची टीव्ही शेवटच्या घटका मोजत होता, पडद्यावर उभी जांभळी रेघ आली होती. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. क्रिकेट बघताना ते खुर्ची ओढत ओढत टीव्हीच्या अगदी पुढ्यात नेतात आणि तरी आईला विचारतात, "अगं, स्कोअर किती झाला?" याच बाबांनी १९९६ च्या वर्ल्ड कपसाठी हप्त्याने कलर टीव्ही आणला होता. मी ठरवलं, आता मोठा टीव्ही घ्यायचा. बजेट ३५ हजार, त्यावर एक रुपयाही नाही, कारण उरलेल्या पैशातून दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय.

मग मी काय केलं? तुम्ही कराल तेच. एक्सेल उघडलं. १९ मॉडेल्स, १४ रकाने. रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, एचडीआर, रॅम, स्पीकरचे वॅट... तीन आठवडे गेले. निर्णय शून्य. एकदा चहाच्या वेळी गाइड मॅडमना तो तक्ता कौतुकाने दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितला आणि म्हणाल्या, "डेटा छान आहे. तुझा प्रश्न काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. हे आपल्यातल्या बहुतेकांचं पहिल्या वर्षाचं दुखणं आहे. प्रश्नाआधीच डेटा गोळा करायला बसतो आपण. मग मी तक्ता बंद केला आणि माझ्या सवयीचं काम केलं, म्हणजे मागे गेले. आज दुकानात जे भिंतभर लटकलेलं असतं, ते मुळात कुणाच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आलं?

एकाच वर्षातले तीन प्रश्न

शोधता शोधता एक गंमत लक्षात आली. आजच्या मोठ्या पडद्याचे तीन महत्त्वाचे धागे १९६४ या एकाच सालाशी येऊन मिळतात, तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या प्रश्नांसह.

पहिला धागा जपानचा. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक झालं आणि एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या प्रयोगशाळेत 'यानंतरचा टेलिव्हिजन कसा असावा' यावर काम सुरू झालं. त्यांच्या सुरुवातीच्या प्रश्नात माणूस होता: किती मोठं चित्र डोळ्यांसमोर आलं की बघणाऱ्याला आपण तिथेच आहोत असं वाटतं? त्यांनी माणसांवर प्रयोग केले. वेगवेगळ्या आकारांची, मुद्दाम तिरकी केलेली चित्रं दाखवून प्रेक्षकाचा उभ्या-आडव्याचा अंदाज किती ढळतो ते मोजलं. चित्राने डोळ्यांसमोरचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापला की परिणाम ठळक होतो, असं दिसलं. मग हिशोब सरळ झाला. ३० अंश हवेत, तर चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसायला हवं. तेवढ्या जवळून रेघा दिसू नयेत, तर जुन्या टीव्हीच्या ५२५ किंवा ६२५ रेघा पुरणार नाहीत, हजाराच्या वर लागतील. त्यातून १,१२५ रेघांचा 'हाय-व्हिजन' आला.

इथे जरा थांबा. 'हाय रेझोल्यूशन' ही कल्पना बसण्याच्या अंतरापासून सुरू झाली. आज आपण दुकानात पिक्सेल विचारतो आणि अंतर विचारतच नाही.

दुसरा धागा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा. तिथे 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा चालू होती. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर पडदा हवा, पण पडद्यावरचं चित्र टिकवून ठेवायला लागणारी मेमरी तेव्हा भयंकर महाग होती. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये असा पडदा बनवला की ज्याचा प्रत्येक ठिपका आपली पेटलेली-विझलेली अवस्था स्वतःच लक्षात ठेवेल. दोन काचांमध्ये वायू, त्यात विजेने पेटणारे ठिपके. हाच प्लाझ्मा डिस्प्ले. म्हणजे प्लाझ्माचा जन्म चक्क बजेटच्या अडचणीतून झाला! (आणि हो, विल्सन तेव्हा पीएच.डी. करत होता. आपल्या जातकुळीतला.)

तिसरा धागा न्यू जर्सीतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेचा. जॉर्ज हाइलमायर हा तरुण इंजिनियर १९६४ मध्येच लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रव स्फटिकांच्या पातळ थराला विजेचा दाब देऊन त्याचं दिसणं बदलता येतं का, हे बघत होता. भिंतीवर चित्रासारखा टांगता येणारा टीव्ही हे तिथलं स्वप्न होतं. १९६८ मध्ये आरसीएने हे काम पत्रकारांपुढे जाहीर केलं आणि मग ते मागे पडत गेलं. कारण कळायला सोपं आहे. कंपनीचा नफा काचेच्या पिक्चर ट्यूबमधून येत होता. स्वतःचं दुकान मोडणारा माल कोण विकणार? जपानमधल्या शार्पला मात्र तेव्हा टीव्ही नको होता, खिशात मावणारा आणि बॅटरी न खाणारा कॅल्क्युलेटर हवा होता. १९७३ मध्ये त्यांनी एलसीडीचा कॅल्क्युलेटर बाजारात आणला.

तीन गट, तीन प्रश्न: माणसाला किती मोठं चित्र हवं, स्वस्तात चित्र टिकवायचं कसं, आणि पडदा सपाट करायचा कसा. 'अमुक माणसाने सपाट टीव्हीचा शोध लावला' असं एखाद्या पुस्तकात वाचलंत, तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा.

जुना टीव्ही मोठा का होऊ शकला नाही

तुम्ही म्हणाल, मग काचेची ट्यूबच मोठी का नाही केली? केली होती. सोनीने १९८९ मध्ये ४३ इंची ट्यूबचा टीव्ही आणला. वजन सुमारे २०० किलो, अमेरिकेतली किंमत ४०,००० डॉलर. आज बेडरूमला 'छोटा' म्हणून घेतात त्या मापाचा टीव्ही!

कारण साधं आहे, अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं. पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. बाहेरून हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. ४३ इंची, ४:३ मापाच्या पडद्याचं क्षेत्रफळ काढा. नुसत्या पुढच्या काचेवर पावणेसहा टनांच्या आसपास जोर येतो. तो सहन करायला काच जाड हवी, आणि जाड काच म्हणजे वजन. रिझोल्यूशन वाढवायला वाव होता, आकार वाढवायला नव्हता. कुठल्याही तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'नेमकं अडलं कुठे' हे विचारा, निम्मी गोष्ट तिथेच मिळते.

प्लाझ्माने ही भिंत आधी ओलांडली. १९९० च्या दशकात फुजित्सूने रंगीत प्लाझ्मा पडदे आणले, १९९७ मध्ये फिलिप्सचा ४२ इंची प्लाझ्मा अमेरिकेत १४,९९९ डॉलरला विकायला आला. आणि त्याचं रिझोल्यूशन? ८५२ बाय ४८०. आजच्या भाषेत एचडीसुद्धा नाही. लोकांनी पैसे मोजले ते आकारासाठी आणि सपाटपणासाठी.

पण पुढे पिक्सेल बारीक होत गेले तसा प्लाझ्मा अडचणीत आला. प्रत्येक ठिपका म्हणजे वायूची छोटी खोली. ती जितकी लहान, तितका तिच्यातून निघणारा उजेड कमी आणि वीज जास्त. पॅनासोनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि एक-दोन वर्षांत बाकीचेही थांबले.

जिंकला तो सगळ्यात हळू चालणारा

एलसीडीची गोष्ट खरं तर १८८८ पर्यंत मागे जाते. प्रागमध्ये फ्रीडरिश राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट तापवत होता. सुमारे १४५ अंशांना ते वितळलं, पण गढूळ राहिलं, आणि सुमारे १७९ अंशांना स्वच्छ झालं. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! आपण असतो तर 'सॅम्पल अशुद्ध आहे' म्हणून फेकून दिलं असतं. त्याने ते ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवलं आणि पदार्थाची एक नवी अवस्था हाती लागली. उपयोग मात्र पुढची सात-आठ दशकं कुणाला सापडला नव्हता.

मग १९७० च्या आसपास एकापाठोपाठ एक अडचणी सुटत गेल्या. शाट आणि हेल्फ्रिश यांनी रेणूंना पीळ देणारी 'ट्विस्टेड नेमॅटिक' रचना आणली. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने साध्या खोलीच्या तापमानाला टिकणारे पदार्थ बनवले. वेस्टिंगहाउसमध्ये पीटर ब्रोडी यांनी प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रान्झिस्टर बसवण्याची वाट दाखवली. त्यांच्या सुरुवातीच्या सहा इंची चौरस पडद्यावर १२० बाय १२०, म्हणजे १४,४०० ठिपके होते. १९७९ मध्ये डंडी विद्यापीठातून ॲमॉर्फस सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचा शोधनिबंध आला, आणि हे सिलिकॉन मोठ्या काचेवर पसरवता येतं हे त्याचं वैशिष्ट्य. १९८८ मध्ये शार्पने १४ इंची रंगीत पडदा दाखवला.

आता आजच्या ४के टीव्हीचा हिशोब करा. ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, प्रत्येक भागामागे ट्रान्झिस्टर. जवळपास अडीच कोटी. १४,४०० वरून अडीच कोटींवर, ३५ हजारांच्या वस्तूत.

बंगळुरूचा एक शोधनिबंध

एलसीडीला एक जुनं दुखणं होतं. समोरून बघितलं तर ठीक, बाजूने बघितलं की रंग उडायचे, काळं करडं दिसायचं. या दुखण्याच्या उपचारात एक धागा आपल्या देशातला आहे आणि तो मला फार आवडतो.

१९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी दाखवलं की थाळीच्या आकाराचे रेणूसुद्धा द्रव स्फटिक बनवू शकतात. तोवर काडीसारखे लांब रेणूच हे करतात अशी समजूत होती. शोधनिबंध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात आला. पडदा वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हता, प्रश्न मूलभूत होता. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने अशाच थाळीसारख्या रेणूंचा थर असलेली फिल्म बनवली. ती एलसीडीवर लावली की बाजूने बघतानाचा दोष बराच कमी व्हायचा. कॉम्प्युटरच्या असंख्य मॉनिटर्समध्ये ही फिल्म होती.

'तुमच्या संशोधनाचा उपयोग काय?' असं मुलाखतीत कुणी विचारलं की हे उदाहरण लक्षात ठेवा. भारतीय नियतकालिकात छापलं तर कोण वाचणार, असं वाटेल तेव्हाही लक्षात ठेवा.

त्याच दशकात दुसऱ्या वाटा निघाल्या. हिताचीने आयपीएस पॅनेल आणलं, त्यात रेणू काचेच्या पातळीतच फिरतात, म्हणून बाजूनेही रंग टिकतात. फुजित्सूने व्हीए जातीचं पॅनेल आणलं, त्यात काळा रंग जास्त गडद येतो. दोघांचं भांडण आजही प्रत्येक दुकानात चालू आहे, फक्त डब्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

काच कापण्याचं गणित

मग मोठा टीव्ही स्वस्त कसा झाला? याचं उत्तर बरंचसं काच कापण्यात आहे. पॅनेल एकेक करून बनत नाहीत. अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या मोठ्या काचेवर, मदर ग्लासवर, अनेक पडदे एकदम बनतात आणि मग कापले जातात. सुरुवातीच्या कारखान्यांत ही काच जेमतेम ३० बाय ४० सेंटिमीटरची होती. २००० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या '८.५ पिढी'च्या कारखान्यात ती २,२०० बाय २,५०० मिलिमीटर झाली.

आता कागद-पेन घ्या. ५५ इंची पडद्याची रुंदी १,२१८ आणि उंची ६८५ मिलिमीटर. २,५०० मध्ये दोन आडवे, २,२०० मध्ये तीन उभे. सहा पडदे, काचेचा ९१ टक्के वापर. ६५ इंची घ्या, १,४३९ बाय ८०९. कसेही ठेवा, तीनच बसतात, वापर ६३ टक्क्यांच्या आसपास. म्हणून बरीच वर्षं ५५ इंची आवाक्यात होता आणि ६५ वर गेलं की किंमत उडी मारायची. आकारात दहा इंचांचा फरक, पण काच दुप्पट लागायची. (पुढे उरलेल्या तुकड्यात लहान पडदे कापण्याची युक्ती निघाली, तो भाग वेगळा.)

२०१७ च्या शेवटी चीनमध्ये हफेई इथे बीओई कंपनीचा '१०.५ पिढी'चा कारखाना सुरू झाला. काच २,९४० बाय ३,३७० मिलिमीटर, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीपेक्षा किंचित मोठी. यात ६५ इंची आठ आणि ७५ इंची सहा बसतात, दोन्हींत ९४ टक्क्यांच्या आसपास वापर. करून बघा.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पॅनेलचा खर्च मुख्यतः क्षेत्रफळावर जातो, आणि क्षेत्रफळ इंचांच्या वर्गाने वाढतं. ४३ वरून ५५ वर गेलात तर चित्र ६४ टक्के मोठं होतं. दोन, पिक्सेल चौपट केले म्हणून खर्च चौपट होत नाही, कारण काच तीच, थर साधारण तेवढेच. म्हणून आज ४३ इंचांच्या वर बहुतेक सगळेच टीव्ही ४के आहेत. मग स्वस्त आणि महाग टीव्हीत फरक कुठे? मागचा उजेड किती आणि कसा नियंत्रित होतो, चित्र सुधारणारा प्रोसेसर, रॅम, स्पीकर. स्वस्त करताना कात्री इथे लागते, आणि डब्यावर '४के' तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापलेलं राहतं.

आपल्याकडे करानेही वाटा उचलला. २०१९ च्या जानेवारीपासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के, अशी स्थिती होती. मोठ्यांचा दर १८ वर आला तो २२ सप्टेंबर २०२५ ला. मध्यमवर्गीय घरांत ३२ इंच घट्ट बसण्यामागे हेही एक कारण असावं, असा माझा अंदाज.

मग माझा प्रश्न

एवढं सगळं वाचून मी एनएचकेच्या प्रश्नाकडे परत आले: बघणारा कोण आणि बसतो किती लांब? घरी गेले, मोजपट्टी काढली. भिंतीपासून बाबांच्या खुर्चीची मूळ जागा २.३ मीटर.

निरोगी डोळा साधारण एक मिनिट कोनाचा (एका अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा ओळखतो. ५५ इंची फुल एचडी पडद्याचा एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा. तो एका मिनिटाचा कोन करतो २.२ मीटरवरून. म्हणजे २.३ मीटरवर बसलेल्या चांगल्या डोळ्यालाही फुल एचडीचे ठिपके दिसत नाहीत. ४केचा खरा फायदा घ्यायचा तर १.१ मीटरपर्यंत जवळ यायला हवं. आणि बाबांच्या चिठ्ठीवर होतं ६/१२, म्हणजे त्यांना दुप्पट मोठा तपशील लागतो. ज्या रिझोल्यूशनसाठी मी तीन आठवडे तक्ता भरत होते, ते बाबांना दिसणारच नव्हतं!

मग त्यांना काय दिसायला हवं? स्कोअर. मी जुन्या टीव्हीवर स्कोअरपट्टीतलं अक्षर पट्टीने मोजलं. चित्राच्या उंचीच्या साधारण चाळिसावा भाग. ३२ इंचीवर ते १० मिलिमीटर होतं. ६/१२ दृष्टीला २.३ मीटरवरून अक्षर जेमतेम ओळखायला पावणेसात मिलिमीटर लागतं, आणि न त्रासता वाचायला त्याच्या दुप्पट धरतात, म्हणजे साडेतेरा. ४३ इंचीवर अक्षर येतं १३.४, अगदी काठावर. ५० इंचीवर साडेपंधरा, ५५ वर सतरा. म्हणून बाबा खुर्ची पुढे ओढत होते. ती जिद्द नव्हती, भूमिती होती.

दुसरी गोष्ट तक्त्यात कुठेच नव्हती. आई टीव्ही कुठून बघते? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून. भाजी निवडत, भिंतीशी जवळपास ५० अंशांच्या तिरक्या कोनातून. कित्येक वर्षं तिने रंग उडालेल्या मालिका बघितल्या आणि कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. बंगळुरूचा तो निबंध मी चार वेळा शिकवला असेन, पण ज्या अडचणीवर त्याचा उपयोग झाला, ती आमच्याच घरात बसली होती हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिसरी गोष्ट, समोर पश्चिमेची खिडकी. दुपारी पडद्यावर उजेड पडतो. खोलीतला उजेडच पडद्यावरचा काळा रंग करडा करत असेल, तर काँट्रास्ट १,००० ला १ की ५,००० ला १ यावर भांडून उपयोग नाही. तिथे पडद्याची उजळता आणि एक जाड पडदा, कापडाचा, जास्त कामाचा.

आता प्रश्न एका वाक्यात आला: ३५ हजारांत, ५० ते ५५ इंची, बाजूने रंग न उडणारा, दुपारीही नीट दिसणारा टीव्ही कुठला? १९ पैकी चार मॉडेल उरले. १४ पैकी तीन रकाने.

दुकानात काय केलं

तुमच्या उपयोगाचं म्हणून थोडक्यात सांगते.

• दुकानातले टीव्ही भडक मोडवर ठेवलेले असतात. तो 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान.
• कंपनीचा डेमो बघू नका, त्यात मोर आणि फळंच असतात. पेन ड्राइव्हवर आपण जे रोज बघतो ते न्या. मी एका जुन्या मॅचचा तुकडा नेला होता.
• तिरके उभे राहा आणि माणसांचे चेहरे बघा. सावळा रंग पांढुरका पडला तर ते पॅनेल आमच्या आईसाठी नाही.
• 'एचडीआर सपोर्ट'चा अर्थ बरेचदा एवढाच की तो सिग्नल टीव्हीला कळतो. तो दाखवायला लागणारा उजेड या बजेटमध्ये सहसा नसतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.
• लाखात सांगितलेला 'डायनॅमिक काँट्रास्ट' सोडून द्या. मोजण्याची पद्धत न सांगितलेला आकडा हा डेटा नसतो.
• पॅनेलची वॉरंटी किती, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्तीला माणूस येतो का, हे लेखी घ्या.
• घरी भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून मापाचा आयत करून बघा. बाबांना ५५ चा आयत बघून घाम फुटला, मग दोन दिवसांनी ते म्हणाले, "एवढा काही मोठा नाही."

मी मॅच लावून तिरकी उभी राहिले तेव्हा दुकानातल्या दादांनी विचारलं, "ताई, तुम्ही टीव्ही असा का बघताय?" म्हटलं, "माझी आई अशी बघते." त्यांनी स्वतः आणखी दोन टीव्ही फिरवून दाखवले.

५५ इंची घेतला, आयपीएस जातीचा, ३३ हजार आणि काही. काळा रंग करडा आहे, रात्री दिवे बंद करून सिनेमा बघणाऱ्याला तो आवडणार नाही. स्पीकर सामान्य आहेत. हे सगळं मला माहीत असून घेतलं. मर्यादित बजेटमध्ये निवड म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं, आणि ते ठरवायला आधी काय सोडायचं नाही ते माहीत असावं लागतं. थिसिसचंही असंच असतं. सहा प्रकरणांची रूपरेषा घेऊन आलेल्या माणसाला कुठली दोन ठेवायची हे त्याचा तक्ता सांगत नाही, प्रश्न सांगतो.

एनएचकेची गोष्ट मी अर्धी सोडली होती. त्यांनी हाय-व्हिजन प्रत्यक्षात आणला, १९९१ मध्ये रोजचं आठ तासांचं प्रसारण सुरू केलं, पण त्यांची पद्धत ॲनालॉग होती. १९९० मध्ये अमेरिकेत जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने पूर्ण डिजिटल पद्धतीचा प्रस्ताव मांडला आणि वारं फिरलं. १९९६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने डिजिटल मानक स्वीकारलं. जपानचं ॲनालॉग हाय-व्हिजन २००७ मध्ये बंद झालं. उत्तर हरलं. पण 'माणूस किती लांब बसतो आणि त्याला काय दिसतं' हा प्रश्न टिकला, आणि ४के-८केची मापंही त्याच प्रश्नावरून ठरली. तुमचा प्रश्न चांगला असेल तर तुमचं उत्तर जुनं झाल्यावरही तो कुणाच्या तरी कामाला येतो.

परवा मॅच चालू असताना घरी फोन केला. आईने उचलला. मागून बाबांचा आवाज आला, "चार बाद एकशे सदतीस, नंतर बोलतो म्हणावं." खुर्ची कुठे आहे, मी आईला विचारलं. ती म्हणाली, "जिथे होती तिथेच."